ढोबळे बॉल बघत नाही

विश्वनाथ ढोबळेबद्दल कुणी विचारलं की मी त्याच्या टीव्हीची गोष्ट सांगतो. लोक हसतात आणि विषय संपतो. त्याच्याबद्दलची दुसरी एक गोष्ट आहे, ती सांगायचं मी अनेक वर्षं टाळत आलो. आता सत्तरी ओलांडली, आणखी किती टाळणार? पण सवय जात नाही, म्हणून सुरुवात टीव्हीपासूनच करतो.

दोहात शुक्रवार म्हणजे सुट्टी. शुक्रवारी सकाळी अल थुमामाच्या फ्लॅटमध्ये ढोबळे अमेरिकन फुटबॉलची रेकॉर्ड केलेली मॅच लावून बसतो. समोर पोह्यांची बशी, हातात रिमोट. मैदानात खेळाडू ओळीनं उभे राहिले की हा सोफ्याच्या कडेवर येतो. बॉल फेकला जातो, कॅमेरा बॉलमागे धावतो, तिकडचं स्टेडियम उठून उभं राहतं, आणि इकडे ढोबळे ओरडतो, "गेला! हा पण गेला बॉलमागे! अरे, इथे माणसं झुंजतायत त्यांचं काय?"

मग मॅच मागे. तोच तुकडा पुन्हा. पुन्हा मागे. पोहे गार होतात.

"अरे, पण बॉल पकडला का कुणी?" मी विचारतो.

"बॉल कोण बघतो? पाय बघा, लेलेसाहेब, पाय."

एवढ्या वर्षांत त्यानं शेकडो मॅच बघितल्या असतील. त्यातली कुठली कोण जिंकलं हे त्याला सांगता येणार नाही. पण अमुक टीमच्या डावीकडच्या माणसानं पाऊल कसं टाकलं, हे तो मंगलवहिनींच्या स्वयंपाकघरात ओट्यापुढे उभा राहून करून दाखवेल. दाखवतोही. एकदा त्यात वरणाचं पातेलं गेलं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नावात फुटबॉल असला तरी बहुतेक काम हातांनी चालतं. क्वार्टरबॅक नावाचा एक जण असतो. बॉल त्याच्या हातात येतो आणि त्यानं तो पुढे पळणाऱ्या आपल्या माणसाकडे फेकायचा. तोवर समोरचे धिप्पाड लोक त्याला आडवा करायला धावून येतात. त्यांना अडवायला क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जण उभे असतात. तीच लाइन. त्यांनी बॉल फेकायचा नाही, पकडायचा नाही, फक्त अडवायचं. क्वार्टरबॅकचं नाव पेपरात येतं. लाइनमधल्या माणसाचं नाव येतं ते त्याच्याकडून कुणी सुटला तर.

ढोबळेला हे पाच जण आवडणार यात नवल नव्हतं. तो मूळचा निफाडचा, शिक्षणानं इंजिनिअर, आणि त्याचा विषय पाइप सपोर्ट. म्हणजे प्लांटमधून मैलोन्‌मैल जाणारे पाइप ज्यावर टेकलेले असतात ते खालचे लोखंडी पाय. पाहुणे आले की चिमण्या आणि टाक्या बघायचे. हा त्यांना खाली वाकायला लावायचा. मंगलवहिनी सांगतात, "आमच्या लग्नात हे माझ्याकडे बघतच नव्हते. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात अवघडले असतील म्हणून त्यांच्याकडे बघत होते."

जगातल्या सगळ्या गोष्टी तो याच खेळात बसवतो. सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी हलली नाही, की "धरून बसलाय!" हॉटेलात मी मेनू जास्त वेळ वाचला, की "साहेब, धरून बसलात. टाका." माझ्या मुलानं, निखिलनं, लग्नाला हो म्हणायला वर्ष घेतलं तेव्हा ढोबळे दर शुक्रवारी येऊन माझ्या बायकोपुढे, नलिनीपुढे मान हलवायचा. "पोरगा बॉल धरून बसलाय, वहिनी. मुलगी थांबेल हो, पण मागून मावशी येतायत त्यांचं काय?" मावशी खरोखरच आल्या, पुण्याहून, तीन स्थळं घेऊन. त्या आठवड्यात निखिलनं हो म्हटलं.

या 'धरून बसण्या'मागे ढोबळेचा एक सिद्धांत आहे, आणि तो त्यानं दोहातल्या प्रत्येक मराठी माणसाला ऐकवला आहे. क्वार्टरबॅक आडवा झाला की लोक म्हणतात लाइन फुटली. ढोबळे म्हणतो, थांबा. आधी बघा, हा बॉल किती वेळ धरून बसला होता? लाइन म्हणजे काही भिंत नव्हे. ती थोडा वेळ मिळवून देते. तेवढ्यात ज्यानं बॉल टाकला त्याची लाइन शहाणी दिसते. जो फेकू-फेकू करत उभा राहिला त्याची लाइन गाढव ठरते, माणसं तीच असली तरी.

"आणि उलटंही आहे बरं का," तो पुढे सांगतो. "लाइन खरंच कच्ची असेल तर चांगला क्वार्टरबॅकही बिघडतो. एकदा मार खाल्ला की त्याला नसलेला माणूसही अंगावर येताना दिसतो. मग तो पुढे बघायचं सोडून खाली बघतो, घाईत टाकतो. दोघांनी एकमेकांना सांभाळायचं असतं. नवरा-बायकोसारखं."

"तुम्ही केव्हा सांभाळलंत?" स्वयंपाकघरातून आवाज येतो.

हे सगळं झालं की तो माझ्याकडे बघतो आणि ठरलेलं वाक्य म्हणतो. "बरेचसे क्वार्टरबॅक स्वतःच्या चुकीनं पडतात. लेलेसाहेब सोडून. साहेब पडले ते माझ्यामुळे."

इथे सगळे हसतात. मीही हसतो. आता दुसरी गोष्ट.

तीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच प्रोजेक्टवर होतो. आमचा साइट मॅनेजर वॉल्ट नावाचा टेक्सासचा माणूस होता. कॅम्पमागच्या मैदानावर शुक्रवारी सकाळी अमेरिकन मंडळी हा खेळ खेळायची आणि त्यांना हरवायला दुसरी टीम मिळत नसे. वॉल्टनं आम्हा भारतीयांची टीम बांधायची ठरवली. गोऱ्या साहेबानं विचारल्यावर नाही कोण म्हणणार? मी क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थ्रो बरा करायचो, म्हणून मी क्वार्टरबॅक झालो. खरं तर वॉल्टनं 'कुणाला व्हायचंय' असं विचारायच्या आत माझा हात वर होता. लांब पळायला कुट्टी नावाचा काटक मल्याळी मिळाला. आणि लाइनमध्ये ढोबळे.

ढोबळे कॉलेजात कबड्डी खेळलेला. पहिल्या दिवशी समोरचा अमेरिकन धावून आला तसा यानं त्याचा घोटा पकडला आणि सोडेचना. तो बिचारा एका पायावर उड्या मारतोय, वॉल्ट शिट्ट्या मारतोय, आणि ढोबळे खालून ओरडतोय, "दम जाऊ दे, दम जाऊ दे त्याचा!" या खेळात लाइनच्या माणसाला धरायची परवानगी नाही, हे त्याला पटायला कित्येक शुक्रवार गेले. "धरायचं नाही, मग अडवायचं कशानं?" "पायांनी," वॉल्ट म्हणाला. "आधी पाय तिथे पोचले पाहिजेत." त्या दिवसापासून ढोबळे पाय बघायला लागला तो आजतागायत.

वॉल्टनं त्याला डावीकडे टोकाला उभं केलं. उजव्या हातानं फेकणाऱ्याची पाठ फेकताना डावीकडे असते. तिथून येणारा त्याला दिसत नाही. म्हणून ती जागा सगळ्यात जबाबदारीची. तिथून येणाऱ्याला ढोबळेनं समोरून थोपवायचं नाही, बाहेरच्या बाजूनं लांब फिरवून माझ्या मागून घालवायचं, अशी युक्ती होती. ती चालायला एकच अट. मी जागेवर उभं राहायचं. वॉल्टनं आपली पांढरी टोपी मैदानावर ठेवली आणि मला बजावलं, "इथे. फार तर पुढे सरक. मागे जायचं नाही. मागे गेलास तर ढोबळे ज्या वाटेनं समोरच्याला फिरवून घालवतो त्याच वाटेवर तू उभा असशील."

ढोबळेची पाठ माझ्याकडे असायची. मी टोपीजवळ आहे की नाही, हे त्याला दिसायचं कारणच नव्हतं. तो धरून चालायचा की मी आहे.

मोठी मॅच झाली त्या सकाळी सगळ्यांची बायका-मुलं आली होती. हवा छान होती, हिवाळा होता. कंपनीचे वरचे साहेब खुर्च्या टाकून बसले होते. आमची टीम चांगली खेळत होती. मी जवळजवळचे बॉल टाकत होतो, झटपट, शिकवल्याप्रमाणे. पण जवळच्या बॉलला टाळ्या मिळत नाहीत. मॅच शेवटाला आली तेव्हा मी ठरवलं की आता एक लांब, उंच, सगळ्यांनी माना वर करून बघावा असा बॉल कुट्टीकडे टाकायचा.

बॉल हातात आला. कुट्टी पळत होता. तो अजून लांब जाऊ दे, म्हणून मी थांबलो. अजून थोडा. जवळच्या दोघांनी हात वर केले होते, त्यांच्याकडे मी बघितलंही नाही. लांब फेकायला जोर हवा, जोराला जागा हवी, म्हणून मी मागे गेलो. आणखी मागे गेलो. मग डाव्या बाजूनं एक क्रेन सुपरवायझर आला आणि माझ्यावर पडला. नियम नुसता हात लावायचा होता, पण तेवढं वजन वेगात आलं की नियमाला थांबता येत नाही.

उजव्या खांद्याचं हाड मोडलं. पडल्या पडल्या मी डोळे उघडले तेव्हा मला सगळ्यात आधी वॉल्टची टोपी दिसली. बरीच पुढे होती.

वॉल्ट धावत आला. "काय झालं?"

मी म्हणालो, "लाइन फुटली. ढोबळेनं सोडला त्याला."

ढोबळे गुडघ्यावर बसला होता, माझं डोकं धरून. तो लगेच म्हणाला, "हो, हो. सुटला माझ्याकडून."

दुखत होतं, नलिनी रडत होती, लोक जमले होते. तेव्हा तसं तोंडातून गेलं ते मी एक वेळ स्वतःला माफ करीन. पण मग हाड जुळलं, दुखायचं थांबलं, आणि मी ते परत घेतलं नाही. उलट ती गोष्ट मी चांगली सांगतो हे माझ्या लक्षात आलं. पहिल्या वर्षी 'ढोबळेकडून सुटला' एवढंच होतं. पुढे 'ढोबळे घसरला' झालं. मग 'ढोबळे बाजूला होऊन मंगलवहिनींना हात हलवत होता' असं झालं, आणि गणपतीला, दिवाळी पहाटेला, निखिलच्या लग्नात सगळीकडे त्याला हशा मिळाला. ढोबळे सगळ्यात मोठ्यानं हसायचा. निखिल हीच गोष्ट ऐकत मोठा झाला.

आणि ढोबळे मला सांभाळू लागला. हात गळ्यात होता तोवर रोज मला ऑफिसला नेणं-आणणं त्यानंच केलं. हात सुटला तरी त्याची सवय सुटली नाही. माझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, म्हणून आमच्याकडच्या माळ्यावरचे डबे तो काढून देतो. तांदळाची पोती तो आणतो. आणि माझ्याबरोबर चालताना तो कायम माझ्या डावीकडे, पाऊलभर मागे असतो. मॉलमध्ये, विमानतळावर, डॉक्टरकडे. ट्रॉली घेऊन कुणी भरधाव आला तर ढोबळे आधी पाय लावून उभा राहतो. एकदा त्यानं सेंटचा नमुना फवारायला आलेल्या एका सेल्समनला इतका लांब फिरवला की तो थेट खेळण्यांच्या दुकानात शिरला.

नलिनी म्हणते, "भावानं केलं नसतं एवढं करतात तुमच्यासाठी." मी मान डोलावतो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कधी कधी वाटायचं, खरं सांगितलं तर हा डावीकडे चालायचं सोडून देईल.

गेल्या महिन्यातला एक शुक्रवार. आम्ही हल्ली अल हिलालला निखिलकडे राहतो. सकाळीच बेल वाजली. दारात ढोबळे, मागे मंगलवहिनी, आणि ढोबळेच्या हातात फोन.

"लेलेसाहेब! वॉल्टनं पाठवलंय! त्यानं घरातल्या जुन्या टेप साफ केल्या, त्यात आपली मॅच सापडली. मी अजून उघडलेलं नाही. म्हटलं बरोबरच बघू." तो धापा टाकत होता. "आता कळेल माझा पाय कुठे चुकला. एवढी वर्षं मी विचार करतोय हो. आतला पाय आधी उचलला का? वजन टाचेवर होतं का? डोक्यातून जात नाही."

तेव्हा मला कळलं की शेकडो मॅच तो कशासाठी मागे-पुढे करत होता.

निखिलनं फोन टीव्हीला जोडला. नलिनी आणि मंगलवहिनी चहाचे कप घेऊन आल्या. मी खुर्चीत बसलो. चित्र धुरकट होतं, पण सगळं दिसत होतं. केसाळ कुट्टी दिसला. बारीक मी दिसलो. पांढरी टोपी दिसली.

शेवटचा तो खेळ आला. ढोबळे टीव्हीजवळ जाऊन उकिडवा बसला आणि त्यानं चित्रातल्या स्वतःच्या पायांवर बोट ठेवलं. "हे बघा... हा पहिला पाय, बरोबर. दुसरा... बरोबर. आता तो बाहेरून येतोय... मी फिरवतोय... फिरवला!" त्याचा आवाज चढला. "अगं मंगल, पाय बरोबर आहेत माझे! तो चाललाय मागून, बरोबर चाललाय! मग साहेब कसे..."

आणि पाय बरोबर असूनही साहेब कसे पडले हे बघायला ढोबळेनं आयुष्यात पहिल्यांदा बॉल बघितला. त्याचं बोट टीव्हीच्या काचेवरून सरकलं, टोपीपाशी आलं, तिथे कुणीच नव्हतं. ते आणखी मागे सरकलं. तिथे मी होतो, बॉल डोक्यामागे धरून, चालत चालत मागे जात.

चित्र थांबलं. त्यानंच रिमोटनं थांबवलं होतं. मला फक्त त्याची पाठ दिसत होती.

"काका," निखिल म्हणाला, "so whose fault was it?"

ढोबळे उठला. गुडघे धरून, सावकाश. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "ऊन बघ ना किती आहे त्यात. काय दिसतंय? काही नाही दिसत."

"अहो, आत्ता तर पाय बरोबर म्हणालात!" मंगलवहिनी.

"चष्मा बदलायला हवा. सुटला गं माझ्याकडून, तेव्हाच सांगितलं ना मी." त्यानं निखिलच्या हातातून फोन काढून घेतला. "खलास. वॉल्टला शुक्रन म्हणून कळवतो."

परक्या देशातल्या परक्या माणसांचे पाय ज्यानं आयुष्यभर मागे-पुढे करून बघितले, त्यानं स्वतःचा तुकडा दुसऱ्यांदा लावला नाही.

नंतर आम्ही दोघं करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, प्यायला बाहेर पडलो. हे आमचं नेहमीचं. टपरीसमोर गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, पोऱ्या कागदी कप आणून देतो. मग ऊन बेताचं असेल तर बाहेर उभं राहून प्यायचा. मी गाडीतून उतरलो आणि मनात म्हटलं, आता हा कुठे उभा राहतो ते बघू. तो गाडीला वळसा घालून आला. माझ्या डावीकडे उभा राहिला, पाऊलभर मागे.

मी तोंड उघडलं. "ढोबळे..."

"बोला."

शेजारून एक डिलिव्हरीची मोटारसायकल आली. ढोबळे अर्धं पाऊल पुढे सरकला, ती गेल्यावर परत जागेवर आला. मी कप हातात तसाच धरून उभा होतो.

"टाका साहेब, धरून बसलात," तो म्हणाला. "चहा गार होतोय."

मी चहा प्यालो. छान होता, वेलची जास्त होती. आम्ही निखिलच्या पगारवाढीबद्दल बोललो, मंगलवहिनींच्या गुडघ्याबद्दल बोललो. त्यानं रिकामे कप नेऊन कचऱ्यात टाकले आणि माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं. त्यानंतरही शुक्रवार आले, चहा झाले. मला बोलायचं होतं ते फार नव्हतं. एवढंच होतं:

ढोबळे, तुझे पाय बरोबर होते. टोपी सोडून मागे मी गेलो. मला माफ कर.